मूठ म्हणजे कोणाची मूठ?

३ फेब्रुवारी, सोमवार

हात मोडला हिचा, आणि ओरडा बसला मला!

मोठं पातेलं वरच्या फळीवर कोणी ठेवलं? मी. का ठेवलं? हिनेच सांगितलं म्हणून. पण ते डॉक्टरला कोण सांगणार! ही स्टुलावर चढली, स्टूल डुगडुगलं, पातेलं आणि ही दोन्ही खाली. पातेल्याला पोचासुद्धा आला नाही. हिचं उजवं मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर, हात गळ्यातल्या झोळीत. पाच-सहा आठवडे काही उचलायचं नाही, चिरायचं नाही, ढवळायचं नाही.

मी साधा प्रश्न विचारला — "मग स्वयंपाकाचं काय?" डॉक्टरने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच तो हात पिरगाळलाय. आणि ही! डोळ्यांत पाणी, आवाजात मात्र हसू. "हे करतील ना!" हे म्हणजे मी. मला कोणी विचारलं? कारखान्यात लेथवर दिवसभर उभं राहायचं आणि घरी येऊन शेगडीपुढे उभं राहायचं! मुलं आपापल्या संसारात, लांब. तेव्हा गळ्यात माळ माझ्याच.

जेवायला पाव आणि अंडी. अंड्यात टरफलं. हिने डाव्या हातात चमचा धरून एकेक टरफल ताटाच्या कडेला लावलं. बोलली काही नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, मलाही चार शब्द ऐकवता आले असते.

४ फेब्रुवारी, मंगळवार

भात! अर्धं जग रोज भात खातं. त्यात अवघड काय असायचं?

ही स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसली, साहेबीणबाई. "तीन मुठी तांदूळ घ्या. धुवा. वर पेरभर पाणी घाला." घेतल्या तीन मुठी. बोट बुडवून पेरभर पाणी मोजलं. झाला तो भात नव्हता, पुठ्ठे चिकटवायची खळ होती. आणि केवढा! पातेल्यातून उतू जाऊन शेगडी माखली. "तीनच मुठी घेतल्या ना?" — तीनच! मोजता येतं मला. माझा जन्म मोजण्यात गेलाय.

शेगडी घासायला भात शिजवण्यापेक्षा जास्त वेळ लागला. उरलेली खळ उद्या डब्यात नेतो, टाकवत नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

डाळ. खारट. जास्त लिहीत नाही, आठवलं तरी तहान लागते.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

वेल्डरने आज दगाफटका केला. माझ्या शेजारी बसून हिच्या हातचा अर्धा डबा खात आलेला माणूस हा! आज झाकण उघडलं, वास घेतला, झाकण लावलं. म्हणे, "वहिनींचा हात कधी बरा होणार?" माझी चौकशी नाही. मी काय खातोय, कसा जगतोय, विचारायची पद्धत नाही. वर कँटीनमधून स्वतःला वडे आणून माझ्यासमोर खाल्ले.

घरी येऊन मी हिला सरळ विचारलं. हे काय चाललंय? मूठभर, चिमूटभर, पेरभर, "वाटलं तर थोडं अजून." कोणाला वाटलं तर? मला काहीच वाटत नाही! कारखान्यात केसाच्या जाडीएवढी चूक झाली तर अख्खा जॉब भंगारात जातो. फोरमन विचारतो, माप काय होतं? मी काय सांगू त्याला, वाटलं तेवढं? आणि इथे रोजचं जेवण, ज्याच्यावर माणूस जगतो, ते आपलं हवेत हात फिरवून!

ही म्हणाली, "आईने मला असंच शिकवलं. कधी बिघडलं का?"

नाही बिघडलं. तोच तर संताप आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

इन्स्पेक्टर येऊन गेली.

इन्स्पेक्टर म्हणजे हिची थोरली बहीण. तोंडावर मी ताई म्हणतो. बहिणीला बघायला आली म्हणे. बहिणीला पाहिलं एकदा, बाकी सगळा वेळ माझं स्वयंपाकघर पाहिलं. झाकणं उचलली. फळीवरून बोट फिरवलं आणि ते बोट मला दाखवलं. मग जेवायला बसली. भाजीचा एक घास घेतला, पाणी प्याली. दुसरा घास घेतला, पुन्हा पाणी प्याली.

"भावोजी, भाजीत मीठ घातलंय की मिठात भाजी?"

गंमत म्हणून सोडून दिलं मी. पण नंतर चमचा खाली ठेवून म्हणाली, "हिची गालफडं बघा कशी बसलीत. आठवड्यात! मी अजून काही रविवार येऊन जेवून बघते. जमलं तर ठीक. नाहीतर हिची बॅग भरते आणि माझ्याकडे घेऊन जाते. हात बरा होईपर्यंत तिथेच राहील."

मला वाटलं, ही म्हणेल — नको गं ताई, मी इथेच बरी आहे. ही चमच्याने भातातली गाठ फोडत बसली. ना हो, ना नाही!

१० फेब्रुवारी, सोमवार

दिवसभर डोकं फिरलेलं. घेऊन जाते म्हणजे काय? खुर्ची आहे का ती, उचलली आणि नेली? लग्नाच्या वेळी हीच बाई माझ्या कानात म्हणाली होती, "सांभाळा हं हिला." सांभाळतोय ना!

तोंडाने कोणापुढे कबूल करणार नाही, म्हणून इथे लिहितो. ही गेली तर हे घर मला खायला उठेल. कारखान्यातून आल्यावर दार हिने उघडायचं, हा नियम आहे. कुलूप काढून आत जायचं या वयात मला जमणार नाही. आता त्या इन्स्पेक्टरच्या नाकावर टिच्चून स्वयंपाक शिकतो. बघू कोण बॅग भरतं!

११ फेब्रुवारी, मंगळवार

सापडलं! आणि इतका राग आलाय की लिहिताना पेन कागदात रुततंय.

डाळ मोजत होतो. ही खुर्चीतून ओरडली, "अहो, मूठभर म्हटलं, पोतंभर नाही!" मी मूठ तिच्यासमोर नेली. ही बघ मूठ! तिने आपला डावा हात वर केला आणि माझ्या हाताला लावून धरला. तिची बोटं माझ्या बोटांच्या मधल्या पेरापर्यंत जेमतेम पोचली. आम्ही दोघंही बघतच राहिलो. मग ही जी हसायला लागली! प्लास्टर पोटाशी धरून हसली. "अगं बाई, माप माझं आणि हात तुमचा!"

म्हणजे माझी एक मूठ ती हिच्या दोन. माझी चिमूट म्हणजे हिचा चमचा. आणि माझं पेर! टर्नरचं बोट ते, त्या पेरात हिचं अर्धं बोट बसेल. सांगितलेलं सगळं मी तंतोतंत पाळत होतो. हुकमाप्रमाणे खारट करत होतो! मूठ म्हणजे कोणाची मूठ, हे सांगायला नको? ड्रॉइंगवर माप लिहिलं आणि एकक लिहिलंच नाही तर दोष कामगाराचा?

मी चुकलो नव्हतो, याचा मोठा आनंद. पण आठवडाभराची ती खारट डाळ पोटात गेली ती गेलीच.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज जेवणाच्या सुट्टीत पितळेच्या तुकड्यावर काम केलं. काल हिच्याकडून डाव्या मुठीत डाळ भरून घेतली, ती पुडीत बांधून नेली, आणि नेमकी तेवढी मावेल अशी वाटी लेथवर काढली. मिठाच्या चिमटीची छोटी, बाटलीच्या बुचाएवढी. पेरासाठी एक कांडी, तिच्यावर खूण. कडा घासून गुळगुळीत केल्या. माझ्या हातून एवढं सुबक काम बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

फोरमन मागे येऊन उभा. "काय चाललंय?" माप बनवतोय. "कशाचं?" बायकोच्या मुठीचं.

अख्खं वर्कशॉप हसलं. वेल्डर तर वाकून हसला. हसा लेको! तुमच्या घरी माप कोणाचं चालतं ते मला माहीत आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

पितळी मापाने पहिला रविवार. भात मोकळा! दाणा दाण्याला शिवत नव्हता. मी मनात म्हटलं, ये आता इन्स्पेक्टर.

आली. जेवली. पाणी मागितलं नाही. मी वाट बघतोय. मग तोंड पुसत म्हणाली, "हं. आजाऱ्याला द्यायला चांगलं आहे."

अळणी! म्हणे अळणी! मागच्या वेळी खारट, आता अळणी. या बाईला एक ठरवता येत नाही.

मी हिच्याकडे पाहिलं. ही खाली बघून म्हणाली, "थोडं कमीच आहे हो. माझी उजवी मूठ काय, चिमूट काय, जरा मोठीच आहे डावीपेक्षा. कामाचा हात ना तो."

आत्ता सांगते! पितळ कापून झाल्यावर! आणि मी गाढव, मला कळायला नको? हातमोज्यांच्या जोडीतला उजवा मलाही घट्ट होतो. पण उजवी मूठ तर प्लास्टरमध्ये. प्लास्टर निघेपर्यंत खरं माप मिळणार नाही. तोवर अंदाज. म्हणजे फिरून तेच, वाटलं तर थोडं अजून!

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज बटाटे जमले. लिहून ठेवतो, कारण कोणी बोलणार नाही.

कांदा भरपूर, बारीक चिरला. चिरण्यात मला कोणी शिकवायचं नाही, एकसारख्या चकत्या म्हणजे माझा हातखंडा. तेलात लाल केला, बटाट्याच्या फोडी त्यात लोळवल्या, झाकण ठेवून मंद आचेवर सोडल्या. ही दारातून म्हणत होती, "सारखं उघडून बघू नका!" मी उघडून बघितलंच. तरी झाले. कडेला खरपूस, आत लोण्यासारखे. ताज्या पावाबरोबर मी इतके खाल्ले की पट्टा एक भोक सैल केला. हिने तीनदा मागून घेतले, ताट पावाने पुसून घेतलं.

आणि पुसता पुसता म्हणाली, "गरम गरम पानात पडतं ना, त्याची चवच निराळी." यात काय एवढं? गरमच जेवायचं असतं. पण तेव्हापासून ते वाक्य डोक्यात फिरतंय. आता आठवून बघतो तर ही जेवताना मला दिसतच नाही. मी जेवत असताना ती शेगडीपाशी, आणि ती जेवायला बसायची तोवर माझं घोरणं सुरू. राग आला. कोणाचा ते ठरवता आलं नाही, म्हणून भांडी घासून टाकली.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

वेल्डरने डबा उघडला, वास घेतला. आणि न विचारता अर्धे बटाटे ओढले! "वहिनींचा हात बरा झाला वाटतं!" मी केले, म्हटलं. मानेना. माझा डबा खातो वर मलाच खोटं पाडतो!

२ मार्च, रविवार

लिहायची इच्छा नाही. तरी लिहितो.

मटणाचा रस्सा करायला घेतला. हिने सांगितलं होतं, आच मंद, घाई नको. मला वाटलं, आच वाढवली की लवकर होईल. लेथचा वेग वाढवला की काम लवकर उरकतं, तसंच. कांदा काळा. मसाला काळा. वर पाणी घातलं तर घरभर धूर. मटण बाहेरून कोळसा आणि आत रबर. ताई आली तेव्हा मी टॉवेलने धूर हाकत होतो.

तिने आधी खिडक्या उघडल्या. मग कपाट उघडलं आणि हिची बॅग काढून पलंगावर ठेवली. हिचे कपडे घड्या करून भरायला लागली. मी पलंगाच्या या बाजूला उभा, हातात काळं पातेलं. नको म्हणावं तर कोणत्या तोंडाने!

शेवटी ही बोलली. "ताई, निदान प्लास्टर निघू दे."

"निघू दे. पुढच्या बुधवारचं बोलावलंय ना डॉक्टरने? यांची ड्यूटी असते, मी नेते. हाड जुळलं तरी जोर यायला महिना जाईल. तोवर माझ्याकडे माहेरपण कर."

"एक रविवार अजून दे त्यांना," ही म्हणाली.

त्यांना! जसं काही मी नापास पोरगं आणि ही माझी रदबदली करतेय. संताप झाला, पण हातातलं पातेलं आपटवेना. भरलेली बॅग दाराआड ठेवून ताई गेली. आम्ही पाव आणि दूध घेतलं.

४ मार्च, मंगळवार

आच मंद. आच मंद. आच मंद. पातेलं घासताना हेच म्हणत होतो.

६ मार्च, गुरुवार

हिच्याशी चांगलंच वाजलं. मी विचारलं, तुला जायचंय का तिच्याकडे? सरळ सांग. म्हणजे मी या शेगडीपुढे उगाच जीव काढणार नाही.

"मी कुठे म्हटलं जायचंय?"

मग नाही म्हण ना तिला!

"तुम्ही कधी म्हणालात का, राहा म्हणून?"

हे काय उत्तर झालं? रोज कांदा चिरतोय, हाताला भाजून घेतोय, वेल्डरकडून टोमणे खातोय, ते काय हौस म्हणून? माणसाने अजून काय बोलून दाखवायचं! असं मी म्हणालो नाही. मी म्हणालो, "डाळ उतू जातेय," आणि उठलो. डाळ उतू जात नव्हती.

९ मार्च, रविवार

आज ती आलीच नाही! फोन आला, "भावोजी, मागच्या रविवारचा धूर अजून घशात आहे." आणि मी सकाळपासून खपून कोंबडी शिजवली होती, मंद आचेवर, पातेल्यासमोर बसून! बरी झाली होती. फार नाही, बरी. मीठ किंचित कमी. पण बरी. तपासायचं तेव्हा तपासायला माणूस हजर नाही, ही कुठली तपासणी? दोन वाट्या रस्सा शेजारी दिला. रिकाम्या वाट्या धुऊन परत आल्या. तेवढी तरी माणुसकी कुठेतरी आहे.

१२ मार्च, बुधवार

आज प्लास्टर निघालं. मी लेथवर, आणि लक्ष घड्याळात. सारखं मनात येत होतं, दवाखान्यातून ताई हिला परस्पर नेणार. रविवार-बिविवार नुसतं म्हणायला.

घरी आलो. दार हिनेच उघडलं. मी आधी दाराआड पाहिलं. बॅग जागेवर होती. मग बूट काढले.

हाताला आता आवळून बांधलेली पट्टी, झोळी तशीच. "जोर द्यायचा नाही म्हणालेत." किती दिवस? दोघी बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. ताई म्हणाली, "हाडाचं काम असतं भावोजी. घाई करून चालत नाही. रविवारी येते मी, शेवटचं बघते." मग दोघी स्वयंपाकघरात गेल्या आणि खुसुखुसू हसत बसल्या. माझ्या पितळी मापांना हसत असणार. हसोत. मी ओट्यावर ओळीने मांडून ठेवली आहेत, लपवलेली नाहीत.

१६ मार्च, रविवार

जिंकलो! जिंकलो!! आणि तरी अंगाची आग होतेय.

नीट लिहितो. कोंबडी आणि बटाटे. कांदा मंद आचेवर, लाल होईपर्यंत मी जागचा हललो नाही. पाणी उकळतं घातलं. पितळी माप एक, आणि वर अंदाज. चव घेतली. काहीतरी कमी. पुन्हा घेतली. कमीच. काय कमी ते कळेना. मीठ? तिखट? आंबट? आणि दाराआडची ती बॅग मला स्वयंपाकघरातूनसुद्धा दिसत होती. जास्त घालून बिघडवण्यापेक्षा म्हटलं जाऊ दे, आधी पाव आणू. बेकरीत गर्दी. एक बाई पुढे घुसली, तिच्याशी भांडलो, तिच्यामुळे उशीर. पळत आलो. ताई येऊन बसलेली.

झाकण काढलं, चमचाभर चाखलं. आणि हात तसाच राहिला. तीच चव! हिच्या हातची! जशीच्या तशी! म्हणजे मुरायला वेळ द्यायचा असतो, एवढंच! एवढी साधी गोष्ट, आणि इतके दिवस मला कोणी सांगितली नाही!

ताईने पहिला घास घेतला आणि थांबली. हिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग खाली मान घालून तीनदा वाढून घेतलं. पावाने ताट पुसलं. मी समोर उभा, उलथनं हातात, कौतुकाची वाट बघत. काय म्हणाली असेल? "हं." बस! हं! तीन वेळा वाढून घेणाऱ्या बाईला भाषेत एक शब्द सापडू नये?

पण जाताना बॅग उचलून कपाटात ठेवली. रिकामी केली नाही, नुसती ठेवली. हिने ती संध्याकाळी रिकामी केली. मी पेपर वाचत असल्यासारखं केलं.

१९ मार्च, बुधवार

मिरचीच्या बरणीचं झाकण सैल निघालं. काल मी स्वतः आवळून लावलं होतं, आणि मी आवळलेलं झाकण एका हाताने कोणाला उघडत नाही. आटे झिजले असणार. आजकालचा माल! दिसायला चकचकीत आणि आत पोकळ. पितळेचं नवं झाकण करून आणतो.

२१ मार्च, शुक्रवार

आता प्लास्टर नाही, तर उजव्या मुठीचं खरं माप दे म्हटलं. डाळीचा डबा समोर धरला. "मूठ वळतच नाही हो अजून," म्हणाली. चेहरा एवढासा केला. मलाच वाईट वाटलं. त्या डॉक्टरला जाऊन विचारायला हवं, हाड जोडलंय की नुसती फी घेतली! आठवडा उलटून गेला आणि मूठ वळत नाही म्हणजे काय?

मी जाऊन येतो म्हटलं तर ही एकदम म्हणाली, "नको, नको! येईल हळूहळू." भोळी आहे. असल्या माणसांमुळेच डॉक्टर शेफारतात.

२५ मार्च, मंगळवार

वेल्डर माझ्या डब्यातली भाजी खाता खाता म्हणतो, "सुटशील आता. वहिनींचा हात बरा झाला की तुझी शिक्षा संपली."

इतका राग आला! शिक्षा? कोणाची शिक्षा? मी कांदा कोणत्या आचेवर किती लाल करतो, डाळीला फोडणी कधी देतो, ते काय शिक्षा म्हणून? उद्याची भाजी मी लेथवर उभा राहून ठरवतो. परवा बाजारात वांगी निवडताना एका भाजीवाल्याशी मी असा भांडलो, असा भांडलो, की शेवटी त्याने विचारलं, "साहेब, हॉटेल आहे का तुमचं?" छाती भरून आली होती माझी. ती शेगडी आता माझी आहे. ओट्यावरची मापं माझी. ही समोर खुर्चीत बसून गरम गरम खाते आणि दिवसभरात कोण आलं, कोण गेलं ते सांगते, ती वेळही माझी. ती काय कोणी परत काढून घेणार?

वेल्डरच्या हातून डबा ओढून घेतला. खा म्हणावं कँटीनचे वडे.

२९ मार्च, शनिवार

कारखान्यात वीज गेली, दुपारीच सुटलो. आज दार उघडायला हिला जरा वेळ लागला. झोळीत हात घालून उभी होती, पट्टी बांधायची राहिली होती.

सकाळची डाळ गरम केली, भात वाढला. भुकेली होती. आज चमचा घेतला नाही. भरभर कालवून, बोटं चाटून जेवली. मी समोर बसून बघत होतो. झोळीत डावा हात होता. जेवत उजव्याने होती.

अगदी ओठांवर आलं होतं. लबाड! म्हणजे ते बरणीचं झाकण. म्हणजे ती न वळणारी मूठ. म्हणजे त्या रविवारी मी पाव आणायला गेलो, तेव्हा पातेल्यापाशी —

गिळून टाकलं. बोललो असतो तर उद्यापासून ही शेगडीपुढे, आणि मी पेपर घेऊन एकटा जेवायला.

"हात कसा आहे?" एवढंच विचारलं.

"दुखतो हो अजून. महिनाभर तरी लागेल."

"लागू दे," मी म्हणालो. "घाई कसली? डाळ वाढू?"

हिने ताट पुढे सरकवलं.